ठाव हरवलेल्या वस्तू

मराठीतल्या ज्या शब्दांनी आपल्या इतिहासाचे सर्वाधिक नुकसान केले, त्यांची यादी करायची झाली तर 'गुप्तधन' हा शब्द बराच वर ठेवावा लागेल. जमिनीखाली जे आहे ते 'धन' आहे, आणि ते कुणीतरी मुद्दाम 'गुप्त' ठेवले आहे, अशी दोन गृहीतके हा शब्द आपल्या गळी उतरवतो. त्यामुळे खापराचा तुकडा, लोखंडाचे कीट, चुलीतला कोळसा, मोडका विळा या गोष्टी त्याच्या हिशेबात येतच नाहीत. त्या धन नाहीत. आणि कुणी लपवलेल्याही नाहीत, नुसत्या मागे राहिलेल्या आहेत. वस्तुतः इतिहास या मागे राहिलेल्या गोष्टींतच असतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या शब्दाचे राज्य अजून संपलेले नाही. भांदकची लेणी, माणिकगड, बल्लारपूरचा किल्ला, मार्कंड्याची देवळे, रानात ओस पडलेली गावठाणे, मालगुजारांचे खचलेले वाडे अशी ठिकाणे इथे विपुल आहेत. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख तर 'आइने-अकबरी'तच आहे. अशा भूमीत अफवांना खतपाणी घालावे लागत नाही. पूर्वी या अफवांच्या मागे मांत्रिक, लिंबू आणि अमावास्या असे. गुप्तधनाच्या नावाने नरबळी देण्याचे प्रयत्न व्हावेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाचा उल्लेख करण्याची वेळ राज्यावर यावी, इतका हा प्रकार भीषण आहे. पण हा लेख मांत्रिकांविरुद्ध नाही. त्यांच्याविरुद्ध बोलायला कायदा आहे, चळवळ आहे. हा लेख आहे तो अमावास्येऐवजी रविवारी सकाळी हातात धातुशोधक यंत्र घेऊन निघणाऱ्या सुशिक्षित हौशी मंडळींविरुद्ध, आणि त्यांनी आणलेल्या वस्तूंचे कौतुक करणाऱ्या आपल्या, म्हणजे प्राध्यापकवर्गाच्या, भाबडेपणाविरुद्ध.

ही मंडळी स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवतात, आणि त्यांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. वाड्याच्या परसात यंत्र फिरवायचे, आवाज आला की खुरप्याने खड्डा करायचा, निघालेली वस्तू चिंच-मिठाने घासून लख्ख करायची, तळहातावर ठेवून छायाचित्र काढायचे आणि विचारायचे : हे काय असावे? किती जुने? किंमत किती येईल? मग आपल्यापैकी कुणीतरी जाणता उत्तर देतो : 'गोंडकालीन'. प्रश्न मिटला.

हा 'गोंडकालीन' शब्द म्हणजे आपली केराची टोपली झाली आहे. चांद्याचे गोंड राज्य काही शतके टिकले. १७५१ साली ते नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. एवढ्या कालखंडाला एकच विशेषण लावणे म्हणजे ज्ञानेश्वरांपासून मोरोपंतांपर्यंत सगळ्यांना 'जुने कवी' म्हणून मोकळे होण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे लिहिले तर आपण गुण कापू. वस्तूच्या बाबतीत मात्र आपणच तसे लिहितो, आणि त्याला 'ओळख पटली' असे म्हणतो.

ओळख पटणे म्हणजे नाव देणे नव्हे. एक साधा खिळा घ्या. हाताने ठोकलेला, चौकोनी अंगाचा, माथा वाकडा. तारेच्या गोल खिळ्यापेक्षा तो जुन्या पद्धतीचा, हे कुणीही सांगेल. पण असे खिळे गावचा लोहार तारेचे खिळे बाजारात आल्यावरही करीत राहिला. म्हणजे नुसत्या घडणीवरून त्याचा काळ ठरत नाही. आता तोच खिळा आणखी दहा-बारा खिळ्यांसोबत, जळक्या लाकडाच्या काळ्या पट्ट्यात, उंबऱ्याच्या दगडापाशी सापडला असे समजा. मग तिथे एक दार होते, ते जळले, हे कळते. शेजारच्या कोळशावरून काळाचा अंदाज बांधता येतो, बाजूच्या खापरांवरून त्या घरातले जगणे कसे होते याची कल्पना येते. खिळा तोच आहे. पहिल्या वेळी तो भंगार होता, दुसऱ्या वेळी साक्षीदार. फरक फक्त त्याच्या ठावाचा आहे. यंत्रवाल्याच्या खड्ड्यातून खिळा वर येतो. जळक्या लाकडाचा काळा पट्टा मात्र खुरप्याखाली मिसळून जातो आणि तो पुन्हा कुणालाही मिळत नाही.

नागपूरजवळच्या माहुरझरीला शां. भा. देव यांनी १९७० नंतरच्या वर्षांत महापाषाणीय शिलावर्तुळांचे उत्खनन केले. तिथे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. ते घोड्याच्या मुखावर बांधायचे होते हे समजले, कारण ते घोड्याच्या अवशेषांसोबत होते. तोच पत्रा कुणी एकटा उपसून आणला असता, तर आपण त्याला ढालीचा तुकडा म्हटले असते, फार तर देवाचा मुखवटा म्हटले असते. मृत माणसासोबत घोडा पुरणारा आणि त्या घोड्यालाही सजवणारा एक समाज अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी विदर्भात होता, हे ज्ञान त्या पत्र्यात नव्हते. ते पत्रा आणि हाडे यांच्या शेजारात होते.

याच शेजाराचे मोल १९३९ मध्ये तऱ्हाळ्याला दिसले. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या या गावी सातवाहनांची दीड हजारांवर नाणी एकत्र सापडली. वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांतल्या वंशावळींत न आढळणारी कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे त्या नाण्यांवर मिळाली. पुराणकारांना ठाऊक नसलेले राजे शेतातल्या मातीने सांगितले! ही नाणी एकेक करून दहा बाजारांत विकली गेली असती, तर त्या अपरिचित नावांची नाणी खोटी म्हणून बाजूला पडली असती. सबंध साठा एकत्र होता म्हणूनच त्याची साक्ष ग्राह्य ठरली.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर देवटेक घ्या. नागभीडजवळच्या या लहानशा गावी एका शिळेवर दोन वेगवेगळ्या काळांतले लेख आहेत : एक ब्राह्मी लिपीतला फार जुना, प्राण्यांना पकडण्या-मारण्यास मनाई करणारा, दुसरा वाकाटक नृपती रुद्रसेनाचा. त्यात आलेले 'चिकंबुरी' हे स्थलनाम म्हणजे शेजारचे चिकमारा गाव, असे मिराशींनी दाखवून दिले. शिळा मुळात कुठे होती याची नोंद असल्यामुळेच हे शक्य झाले. तीच शिळा कुणा संग्राहकाच्या दिवाणखान्यात 'विदर्भातील प्राचीन शिलालेख' एवढ्याच चिठ्ठीसह मिळाली असती, तर चिकमाऱ्याच्या नावामागची शतके कायमची मुकी झाली असती. भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठे नुकसान कोणते?

ठाव हरवला की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. १९७४ साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या या वस्तू भारतीय कलेतला ठेवाच आहेत. पण त्या उत्खननातल्या थरातून आलेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. उत्तर-हडप्पा काळातल्या म्हणावे, तर धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून आक्षेप. नंतरच्या म्हणाव्यात, तर त्या गावी पुढे झालेल्या उत्खननातला पुरावा आडवा येतो. यात त्या शेतकऱ्याचा काहीही दोष नाही. त्याला मूळ काढायचे होते. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला गुराखी मुलांना तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले, त्यांनाही कुणी दोष देणार नाही. पण जो मुद्दाम, यंत्र विकत घेऊन, हेच करायला निघतो, त्याला गुराख्याच्या निरागसपणाची ढाल वापरता येणार नाही.

आता यंत्राविषयी. धातुशोधकाच्या वेटोळ्यातून विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्याला जमिनीतला धातू प्रतिसाद देतो. नाण्याएवढी वस्तू साधारण फूटभर खोलीपर्यंत कळते. खापर, मणी, हाड, कोळसा यांच्यापाशी ते बहिरेच असते. पण खरी मेख पुढे आहे. या यंत्रांत लोखंड वगळण्याची सोय असते. खिळे आणि पत्र्यांचे तुकडे यांनी हौशी माणसाला त्रास होऊ नये म्हणून तो लोखंडाचा आवाज बंद करून टाकतो. ही गोष्ट कुठे चालली आहे याचा विचार करा. लोहारा आणि सुरजागड ज्या मुलखात आहेत, ज्या विदर्भात नायकुंडला इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तिथला इतिहास शोधायला आपण लोखंड ऐकू न येणारे यंत्र घेऊन निघालो आहोत! सोने, चांदी, तांबे हे राजाचे आणि सावकाराचे धातू. कुऱ्हाडीचे पाते, बाणाचे टोक, नांगराचा फाळ हे शेतकऱ्याचे, शिकाऱ्याचे आणि लोहाराचे. यंत्राची कळ फिरवताना कोणाचा इतिहास ऐकायचा आणि कोणाचा नाही, हे आपण ठरवून टाकलेले असते.

इथेच या प्रश्नाचे गांभीर्य आहे. ज्यांच्याकडे ताम्रपट, बखरी, सनदा होत्या, त्यांचा इतिहास एखादे नाणे हरवल्याने बुडत नाही. या दोन जिल्ह्यांतल्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज मात्र अक्षरांच्या बाहेर जगले. गोंड, माडिया, कोलाम यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी इतरांनी लिहिले : दान घेणाऱ्यांनी, मोगल दरबाऱ्यांनी, इंग्रज बंदोबस्त अधिकाऱ्यांनी. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांच्याविषयीचे समकालीन लेखी कागद शोधायला गेलो, तर तेही प्रामुख्याने त्यांच्या शत्रूच्या दप्तरात भेटतात. अशा लोकांचे स्वतःचे दप्तर म्हणजे त्यांची जमीन. त्यातले एक पान फाडणारा माणूस नाणेसंग्राहक नसतो. तो दुसऱ्याच्या दप्तराला हात घालत असतो.

आणि हे दप्तर बंद पडलेले नाही. भामरागडच्या परिसरात माडिया आजही मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारतात. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरची शिलाप्रकोष्ठे, म्हणजे उभ्या दगडांवर छत टाकून केलेली प्राचीन स्मारके, आणि आजच्या माडियांच्या शिळा यांच्यात सरळ नाते आहे की नाही, हा अभ्यासाचा विषय आहे. पण 'रानातल्या बेवारस जुन्या दगडाखाली काय आहे ते पाहू' म्हणणाऱ्याने तो दगड बेवारस आहे हे कोणाला विचारून ठरवले? शहरातल्या स्मशानात यंत्र फिरवायची कुणाची छाती आहे?

यावर तीन उत्तरे हमखास येतात. पहिले : इंग्लंडमध्ये चालते, मग इथे का नाही? तिथे चालते, पण कसे, तेही सांगावे. १९९६ चा निधीविषयक कायदा आणि १९९७ पासूनची नोंदणी-योजना यांमुळे तिथल्या शोधकाने सापडल्या जागेची बारीक नोंद देण्याची रीत रुजली. जिल्ह्या-जिल्ह्यांत ती नोंद घेणारे जाणकार नेमले गेले. संरक्षित स्थळी यंत्र नेण्यास परवानगीवाचून बंदी आहे. शिवाय तिथला मुख्य युक्तिवाद असा, की शेकडो वर्षे नांगरलेल्या शेतातल्या वरच्या थराची घडी आधीच मोडलेली असते. आपल्याकडचे ओस गावठाण, रानातले शिलावर्तुळ, वाड्याचे परस यांवर तसा नांगर फिरलेला नाही. म्हणजे त्यांचा युक्तिवाद आपल्याला लागू नाही, आणि त्यांची शिस्त आपल्याला नको आहे. उरते फक्त यंत्र.

दुसरे उत्तर : नाहीतरी या वस्तू गंजून जाणार. वस्तू जमिनीत गंजते हे खरे. पण शतकानुशतके पुरलेली वस्तू मातीशी एक समतोल साधून असते. तो मोडतो ती वर आल्यावर, आणि चिंच-मीठ लागल्यावर तर उरलेली अक्षरेही झिजतात.

तिसरे उत्तर : सरकारला काही पडलेली नाही. याला मात्र 'खोटे' म्हणता येत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा काढून वाचावा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, ती कुठे, केव्हा सापडली ते सांगायचे, न कळवल्यास शिक्षा. इथवर ठीक आहे. पण सरकारने ती वस्तू घ्यायची ठरवली, तर मोबदला किती? वस्तू ज्या द्रव्याची आहे त्या द्रव्याची किंमत, अधिक तिचा एकपंचमांश. म्हणजे वाकाटकांचा ताम्रपट असेल तर तांब्याचा भाव आणि वर वीस टक्के! कायद्याचा डोळाही सोनाराचाच आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना वेगळा दर्जा दिला, निर्यात रोखली. पण रानातल्या माणसाला 'तू सांगितलेस, बरे केलेस' म्हणणारी यंत्रणा काही त्यातून उभी राहिली नाही. त्याच्या वाट्याला पंचनामा आणि हेलपाटे येतात. मग तो भांडे मोडीत घालतो किंवा पुन्हा पुरतो. शासनाची ही अनास्था हा लाजिरवाणा भाग आहे. पण ती हौशी माणसाला परवाना देत नाही. ग्रंथालयाला कुलूप नाही म्हणून पाने फाडायची मुभा मिळत नसते.

शासनही गुप्तधनाच्या भाषेतच विचार करते, याचा कळस २०१३ च्या ऑक्टोबरात झाला. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा येथे एका साधूला हजार टन सोन्याचे स्वप्न पडले आणि खुद्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग १८५७ च्या लढ्यातल्या एका राजाच्या गढीत खणायला उतरला. सोने निघाले नाही. खापरे आणि विटांचे जुने बांधकाम निघाले. आणि देशभर बातमी गेली की काहीच निघाले नाही! कुणाचे तरी घर निघाले होते. पण 'गुप्तधन' शोधणाऱ्या डोळ्यांना घर दिसत नाही.

आता आपल्याकडे वळतो. हे सारे पुरातत्त्ववाल्यांचे काम, आपण साहित्याची माणसे, असे म्हणून अंग काढून घेता येईल. पण मराठी गद्याच्या आरंभीच्या परंपरेतच महानुभावांची 'स्थानपोथी' आहे, हे आपण दरवर्षी शिकवतो. चक्रधरांची लीळा कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस घडली, याची इतकी काटेकोर नोंद करणारा ग्रंथ आपल्या भाषेत सातशे वर्षांपूर्वीच्या परंपरेतून आला. लीळा आणि तिचे स्थान वेगळे करता येत नाही, ही त्या मंडळींची श्रद्धा होती. श्रद्धा बाजूला ठेवली तरी पद्धत म्हणून ती आजही निर्दोष आहे. दुसरे नाव वि. स. सुखठणकरांचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण राष्ट्रकूट कृष्णराजाचा शके ६९४ चा, म्हणजे इ. स. ७७२ चा, भांदक ताम्रपटही त्यांनीच संपादित केला. एखादा पाठ कोणत्या पोथीत, कोणत्या पानावर, कोणत्या पाठांशेजारी आहे हे न सांगता 'मला एक जुना श्लोक सापडला' म्हणणाऱ्याला पाठचिकित्सेत कुणी उभे करत नाही. मग 'मला एक जुने नाणे सापडले' म्हणणाऱ्याला आपण शाल-श्रीफळ का देतो?

महाविद्यालयांतल्या काचेच्या कपाटांकडे एकदा नीट पाहावे. तलवारीचे पाते, दोन नाणी, एक भंगलेली मूर्ती, आणि चिठ्ठी : 'प्राचीन वस्तू'. कोणी दिली, कुठून आणली, काही नाही. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये एका छत्राखाली आहेत. मराठीच्या प्रत्येक विभागाने एक नोंदवही ठेवायला कोणत्या अनुदानाची गरज आहे? गाव, शेताचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, जागेच्या खुणा, खोली, शेजारी काय होते, कोणी पाहिले, न हलवता काढलेले छायाचित्र; आणि जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहून देण्यासाठी सापडणाऱ्या माणसाला मदत. वस्तू धुवायची नाही, घासायची नाही, तिची किंमत सांगायची नाही. गावाचे नाव गोंडीत आणि माडियात काय आहे, ते त्या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्याने लिहायचे. चिकमाऱ्यासारखी किती नावे अशी वाट पाहत असतील, हे कुठल्याही यंत्राला कळणार नाही. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला कळू शकेल.

आणि यंत्र घेऊन दाराशी आलेल्या हौशी मित्राने वस्तू पुढे करून 'हे काय आहे, सर?' असे विचारले, तर विद्वत्ता आवरून उलट विचारावे : 'हे कुठे होते? कशासोबत होते? आणि कोणाला विचारून काढले?' तिन्ही उत्तरे मिळेपर्यंत त्या वस्तूला नाव देऊ नये. गोंडकालीन तर मुळीच म्हणू नये.